ओढा होडीसाठी मोकळा करताना : कामाच्या नोंदी

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीच्या अंगाला. गावाखालचा ओढा मार्कंडेय नदीला मिळतो. राकसकोपच्या तलावातून बेळगाव शहराला प्यायचं पाणी जातं, पण आमचा ओढा त्या तलावाच्या बराच खाली मिळतो. त्यामुळे पिण्याच्या पाण्यात होडी घालायची का, हा प्रश्न आला नाही. तुमचा ओढा तलावाच्या वर असेल तर या नोंदी बाजूला ठेवा.

हे काम का काढलं, तेही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात मळ्यातल्या घरात दोन म्हातारी माणसं अडकली. गुळाच्या गुऱ्हाळावरची काईल, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, आणून त्यांना काढलं. काईल पाण्यात गरगर फिरत होती आणि ती सरळ नेता येईल असा गावात एकही माणूस नव्हता. तेव्हापासून पोरांच्या डोक्यात होतं की वल्हं मारायला शिकायचं. शिकायला जागा एकच, हा ओढा, आणि तो केंदाळ (जलपर्णी) आणि पडलेल्या झाडांनी बुजलेला.

२२ सप्टेंबर

गणपती विसर्जनानंतर पाहणी. मोरीपासून बंधाऱ्यापर्यंत टेपनं मोजलं, १,३४० मीटर. कळकाच्या (बांबूच्या) काठीवर फुटाफुटाला रंगाचे पट्टे मारले आणि दर पन्नास मीटरवर पाणी मोजलं. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असल्यामुळे बहुतेक ठिकाणी दोन ते तीन फूट. पाच ठिकाणी झाडं आडवी. मधल्या पाचशे मीटरला पाणी दिसतच नाही, नुसतं हिरवं. एका जागी जांभ्याचा खडक पाण्याच्या वर आलेला. विसर्जनाचे पाट आणि लाकडी सांगाडे अकरा निघाले, ते त्याच दिवशी वर काढले.

एक चूक इथंच झाली. आम्ही फक्त काठानं चाललो, पाण्यातून चाललो नाही. म्हणून जी गोष्ट सगळ्यात आधी दिसायला हवी होती ती डिसेंबरात दिसली. तुम्ही एकदा काठानं चाला आणि एकदा गमबूट घालून पाण्यातून.

२४ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर

परवानगी. ओढा पंचायतीच्या हद्दीत आणि बंधारा पाटबंधारे खात्याकडे, म्हणून अर्ज दोन. दोन्ही कन्नडमध्ये द्यावे लागले. आमच्यात कुणाला सरकारी कन्नड लिहिता येत नाही. कन्नड शाळेतल्या बाईंनी एका संध्याकाळी दोन्ही लिहून दिले आणि पीडीओंसमोर (पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर) वाचूनही दाखवले. अकरा दिवस लागले.

त्याहून अवघड होतं काठच्या शेतकऱ्यांशी बोलणं. चौदा जणांची शेतं ओढ्याला लागून आहेत. त्यांची भीती खरी होती: आज होडी आली, उद्या कुणीतरी रिसॉर्ट काढेल आणि पायवाट बंद होईल. आम्ही कागदावर लिहून दिलं की तिकीट नाही, सिमेंट नाही, गावातलं कुणी बरोबर असल्याशिवाय बाहेरच्या माणसाची होडी नाही. सगळ्यात वरच्या शेताचे मामा म्हणाले, "पाणी तुमचं न्हवं आन माझंबी न्हवं. पर रताळी माझी हाईत. सऱ्या तुडवू नगासा." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ते आम्ही पाळू शकलो नाही, ते पुढं येईलच.

६ ऑक्टोबर

पहिलं श्रमदान. सतरा जण, सकाळी सात ते दहा. कोयते, दाताळी, दोर, बुट्ट्या. रस्ता जवळ म्हणून बंधाऱ्याकडून सुरुवात केली. साठ मीटर मोकळं झालं. काढलेलं केंदाळ काठावरच टाकलं, कारण ओलं केंदाळ फार जड असतं आणि वर न्यायला कुणाच्या हातात बळ उरलं नव्हतं. घरी जाताना सगळे खूश होते.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो तर साठ मीटर परत हिरवे. आठवड्यात दोनदा पाऊस झाला. वरचं केंदाळ वाहत आलं आणि काठावर टाकलेलंही घसरून पाण्यात गेलं. म्हणजे सतरा माणसांची सकाळ वाया गेली.

मग वर चालत गेलो. मोरीच्या पलीकडे वीटभट्टीसाठी माती काढलेला अर्ध्या एकराचा जुना खड्डा आहे. चर फुटून तो ओढ्याला जोडला गेलाय. तो केंदाळानं काठोकाठ भरलेला. पाऊस झाला की त्यातलं केंदाळ ओढ्यात उतरतं. म्हणजे आम्ही गळक्या छपराखालची जमीन पुसत होतो.

ठरलं की आधी खड्डा, मग मोरी, मग खाली. काढलेला माल काठापासून निदान पंधरा फूट वर आणि उताराच्या उलट्या बाजूला टाकायचा. ज्याला जांभळी फुलं आली असतील ते वेगळं काढून उन्हात पसरायचं, खताच्या ढिगात घालायचं नाही. केंदाळाचं बी चिखलात वीस-वीस वर्षं टिकतं. ते खतातून कुणाच्या भातात गेलं तर त्याच्या शेतात आपण नवा खड्डा तयार केल्यासारखं होईल.

२० ऑक्टोबर ते १७ नोव्हेंबर

खड्ड्याला चार रविवार लागले, मधला एक दिवाळीत गेला. काम एकसुरी, जास्त लिहीत नाही. लांब दोराला दाताळं बांधून फेकायचं आणि चौघांनी ओढायचं, ही पद्धत सगळ्यात चांगली ठरली. पाण्यात उतरून हातानं उपटणं धोक्याचं आहे, मुळांच्या जाळ्यात पाय अडकतो. खड्ड्याच्या तोंडाशी कळकाच्या खुंट्या वीतभर अंतरानं ठोकल्या, म्हणजे पाणी जातं आणि रोप अडतं. हातापायाला जखम असलेल्याला पाण्यात उतरू दिलं नाही. घरी गेल्यावर साबणानं आंघोळ सगळ्यांना सक्तीची होती. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खोटी नाही.

२९ ऑक्टोबर

ही नोंद लिहायला जड जातेय, पण याच नोंदीसाठी ही वही वाचावी असं मला वाटतं.

दिवाळीच्या तोंडावर वर्गणी चांगली जमली होती आणि आम्हाला घाई झाली होती. खड्ड्याचं काम हातानं चालू असताना ओढ्याच्या मधल्या भागात जेसीबी घातला. तासाला १,२०० रुपयांनी साडेपाच तास, ६,६०० रुपये. चालवणारा पोरगा गोकाककडचा, हाताचा पक्का. आम्ही त्याला एवढंच सांगितलं, "साफ कर." त्यानं साफ केलं. केंदाळ गेलं, गाळ गेला आणि त्यांच्याबरोबर काठावरचे वाळुंज, पाण्यातल्या शेरणीच्या झुडपांच्या जाळ्या, करंजाची उघडी मुळं, सगळं गेलं. संध्याकाळी ओढा कालव्यासारखा दिसत होता, वीस फूट रुंद आणि सरळ. फोटो काढले. ज्यांना पाठवले त्या सगळ्यांनी शाबासकी दिली.

६ नोव्हेंबर

काल रात्री परतीचा पाऊस जोरात झाला. डावा काठ बारा मीटर खाली बसला. त्याच्याबरोबर मामांच्या रताळ्याच्या तीन सऱ्या ओढ्यात गेल्या. जिथं तीन फूट पाणी होतं तिथं आता फूटभर पाणी आणि खाली तांबडा गाळ आहे.

मामा काठावर उभे होते. ओरडले नाहीत. आम्ही चौघं गेलो, चूक आमची आहे म्हणून सांगितलं आणि नुकसान विचारलं. ते आकडा सांगेनात. बाजारभावानं हिशेब करून ४,००० रुपये त्यांच्या हातात दिले. मग त्यांनी दाखवलं की काठ कुठं कुठं मुळांनी धरून ठेवला होता. त्यांनी लहानपणापासून तो पाहिला होता. आम्ही जेसीबी बोलवायच्या आधी त्यांना विचारलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं.

त्या रात्री बसून जो हिशेब केला तो पहिल्या दिवशीच करायला हवा होता. एका माणसाची कयाक साधारण पाऊण मीटर रुंद असते. वल्ह्याची लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे तीन मीटर मोकळी वाट असली की होडी आरामात जाते. वळणावर चार मीटर, समोरून दुसरी होडी येणार असेल तर थांबायला मधे मधे एखादी रुंद जागा. वीस फूट रुंद ओढा आम्हाला कधी लागणारच नव्हता. आम्ही ओढा मोठा करत बसलो, हवी होती ती फक्त ओढ्यातली वाट.

७ ते १६ नोव्हेंबर

काठ बांधणं. रोज संध्याकाळी दोन तास, नऊ संध्याकाळ. आधी गाळ फावड्यानं काढून काठाच्या पायथ्याला परत थापला. मग कळकाचे खुंटे हातभर अंतरानं दोन ओळींत ठोकले आणि मधे घाणेरीच्या मोळ्या दाबून बसवल्या. त्यांच्या मागं वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन फूट लांब ऐंशी फांद्या तिरक्या खोचल्या. वाळुंज फांदीवरून जगतं, रोपवाटिकेतून आणावं लागत नाही. वरच्या अंगाला वाळ्याची ठोंबं लावली. पैसे जवळजवळ लागले नाहीत, वेळ मात्र भरपूर गेला. वाळुंजाच्या फांद्या फेब्रुवारीत लावल्या असत्या तर पाणी घालून मेलो असतो. आत्ता ओल होती म्हणून निभावलं.

१५ नोव्हेंबर

बंधाऱ्याला बरगे घातले. हे काम आमचं नाही, बंधाऱ्यावरची माणसं करतात. पण आम्ही मदतीला गेलो आणि ते बरं झालं. बरग्यांच्या दोन ओळींमधे चिकणमाती दाबावी लागते, ती कमी पडली तर पाणी रात्रंदिवस गळतं. आम्ही बैलगाडीभर माती वाहून दिली. चार दिवसांत मागं दोन फूट पाणी चढलं. होडीसाठी लागणारं पाणी आम्हाला या बंधाऱ्यानं दिलं, आमच्या खणण्यानं नाही.

१९ ते २४ नोव्हेंबर

वरून सुटं केंदाळ अजून येत होतं. मोरीखाली आडवं नायलॉनचं जाळं बांधलं, ९०० रुपये. पाच दिवसांत त्यात पालापाचोळा, प्लास्टिक, केंदाळ सगळं भरलं, पाणी तुंबलं आणि दाबानं जाळं फाटलं. त्यात एक दिवड अडकून मेली होती. बिनविषारी साप. ते पाहून फार वाईट वाटलं. पाण्यात उभं जाळं पुन्हा लावायचं नाही असं ठरवलं.

रविवारी दुसरा उपाय. वीस फुटी सहा कळक, टोकाला टोक जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधले, दर पाच फुटांवर वीस लिटरचा रिकामा कॅन. हा तरंगता अडसर ओढ्याला आडवा न लावता तिरका लावला, वरचं टोक उजव्या काठाला आणि खालचं डाव्या काठाला. आडव्या अडसराला केंदाळ मधे साचतं आणि ढीग वाढला की खालून निसटतं. तिरक्याला लागलं की पाणीच ते सरकवत डाव्या काठाला नेतं, आणि तिथं एक माणूस दाताळ्यानं काढू शकतो. दोर करंजाला बांधला तिथं खोडाभोवती गोणपाट गुंडाळलं, नाहीतर साल कापली जाते. खर्च १,८५० रुपये. डाव्या काठाला होडीसाठी सुटणारी दोरी ठेवली. सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान या अडसरानं दिलं.

१ डिसेंबर

आडवी पडलेली झाडं. पाचपैकी तीन वाटेत होती. पूर्ण काढायची की नाही यावर वाद झाला. पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळल्यासारखं निघून जातं आणि माणूस मात्र फांद्यांवर दाबला जातो. वल्हं मारणाऱ्याला ओढ्यातला सगळ्यात मोठा धोका हाच. म्हणून वाटेतल्या फांद्या बुडापासून कापल्या, पाण्याखाली टोकदार खुंट ठेवला नाही. पण वाटेबाहेरची खोडं तशीच ठेवली. त्यांच्याखाली मासे असतात आणि काठावरची धारही ती मोडतात. मधल्या पाणकणसाला हात लावला नाही, तिथं पाणकोंबडी आहे.

हे काम करताना पाण्यातून चाललो आणि वायर दिसली. पलीकडच्या मोटारीची केबल ओढ्यावरून गेलेली, मधे झोळ पडून पाण्यापासून दीड हात वर, आणि मधोमध एक जोड, त्यावरची चिकटपट्टी सुटलेली. होडीत बसलेल्या माणसाच्या डोक्याला, ओल्या वल्ह्याला, बरोबर लागेल अशी. ऑक्टोबरपासून आम्ही हिच्या खाली दाताळी फेकत होतो. त्या वेळी थ्री फेज नव्हता म्हणून वाचलो असू.

तिथंच काम थांबवलं. कुणीही स्वतः हात लावायचा नाही, हे ठरलं. शेतकऱ्याला सांगितलं, लायसन्सवाला वायरमन आणला. मधे जोड नसलेली नवी केबल, दोन्ही काठांना लोखंडी खांब, पाण्यापासून अठरा फूट उंच. ३,२०० रुपये आम्ही भरले, शेतकऱ्यानं खांब बसवायला माणसं दिली. उरलेल्या सगळ्या मोटारींच्या वायरी त्याच आठवड्यात तपासल्या. वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, दाताळं उचलायच्या आधी वायरी बघा.

८ डिसेंबर

होड्या आल्या. गोव्यातून जुन्या दोन प्लास्टिकच्या कयाक, वर बसायच्या प्रकारच्या, १४,००० रुपयांना एक. चोर्ला घाटातून टेम्पोनं आणल्या, २,५०० रुपये. लाईफ जॅकेट सहा, १,१०० रुपयांना एक. पोहता येणाऱ्यालाही जॅकेट सोडून बसू दिलं नाही. यावर दोन मोठ्या पोरांनी नाराजी दाखवली. ते परत गेले आणि पुढच्या रविवारी जॅकेट घालून आले.

पहिल्या फेरीत जांभ्याच्या खडकावर होडी घासली. तिथं उतरून चालत न्यायचं ठरवलं, खडक फोडायचा नाही. दुपारी एक पोरगा उलटला, चार फूट पाण्यात. थंडीनं दात वाजत होते पण घाबरला नाही. काठावर त्याची आजी होती, तिनं पदरानं डोकं पुसलं आणि म्हणाली, "जा, पुन्ना बस."

जानेवारी

गावाकडच्या सहा घरांचं सांडपाणी ओढ्यात येत होतं. त्यावरच केंदाळ पोसतं. शोषखड्डा खणला, पण खाली चिकणमाती, आठ दिवसांत तुंबला. मग गटारीच्या वाटेवर वीस फूट लांब उथळ चर काढून खडी भरली आणि कर्दळ लावली. पाणी पूर्ण स्वच्छ होत नाही. वास मात्र गेला आणि फेस येईनासा झाला.

उतरायला पायऱ्या केल्या, घर बांधून उरलेले जांभ्याचे चिरे कुणीतरी दिले. पंधरा दिवसांत त्यावर शेवाळ धरलं आणि एका काकूंचा पाय घसरला, मनगट मुरगळलं. चिऱ्यांवर टाकीच्या (छिन्नीच्या) खाचा मारल्या आणि बाजूला धरायला कळकाचा कठडा केला. पायऱ्या होडीसाठी केल्या होत्या, पण महाशिवरात्रीच्या आधी शेतकरी तिथं रताळी धुवायला बसू लागले. त्या दिवसांत होडी दुपारनंतरच.

१६ मार्च

पाणी उतरतंय. उसाला आणि भाजीला मोटारी चालू आहेत, आणि ते पाणी आधी त्यांचं. काठीवर दोन फुटांच्या पट्ट्याखाली पाणी गेलं की होडी बंद, असं शेतकऱ्यांसमोर बोललो होतो. आज पट्टा उघडा पडला, होड्या वर आणून गोठ्यात टांगल्या. अकरा पोरं आणि चार पोरी सरळ होडी नेऊ शकतात, उलटल्यावर परत चढू शकतात.

हिशेब: अवजारं आणि गमबूट ५,४००, जेसीबी ६,६००, भरपाई ४,०००, फाटलेलं जाळं ९००, अडसर १,८५०, केबल आणि खांब ३,२००, होड्या २८,०००, टेम्पो २,५००, जॅकेट ६,६००. एकूण ५९,०५०. यातले ११,५०० आमच्या चुकांचे. चहा आणि भडंग ज्याच्या त्याच्या घरातून.

एप्रिल-मे

होडी नसली तरी दर रविवारी दोघं जण दाताळं घेऊन खाली जातात. पाळी लावली आहे. उन्हाळ्यात केंदाळ पंधरवड्यात दुप्पट होतं, त्यामुळे एक रविवार चुकला तर पुढच्या वेळी चौघं लागतात. दोनदा चुकला. दोन्ही वेळा लग्नसराई होती.

८ जून

बरगे निघाले. अडसर सोडून कळक गोठ्यात ठेवले, पुरात तो राहिला तर बंधाऱ्याला अडकून नुकसान करेल. वाळुंजाच्या ऐंशी फांद्यांपैकी एकतीस जगल्या. वाळा जवळजवळ सगळा.

६ जुलै

रात्रभर पाऊस. सकाळी मामांबरोबर काठानं गेलो. पाणी मोरीला टेकलंय, तांबडं आणि जोरात. डाव्या काठाच्या वाळुंजांचे शेंडे तेवढे पाण्यावर हलताहेत, काठ जागेवर आहे. खड्ड्याच्या तोंडाशी दोन खुंट्या वाकल्यात. पाणी उतरलं की बदलायच्या, कळक मामा देणार आहेत.